पार्टिशनला वाळवी

आमच्या घराण्यात तीन गोष्टी मोठ्यानं उच्चारायची पद्धत नाही. रात्रीच्या वेळी सापाचं नाव, बाईनं नवऱ्याचं नाव, आणि 'पार्टिशन' हा शब्द.

पहिल्या दोहोंची कारणं सांगायला नकोत. तिसऱ्याचं असं, की माझ्या दोन काकांनी एकेकाळी कोर्टात पार्टिशनचा दावा लावला होता. वावराची वाटणी झाली, विहिरीची झाली, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्याची तर फांद्या मोजून झाली. आंब्याला हे कळलं नाही, त्यामुळे त्याचे आंबे चुकीच्या बाजूला पडत राहिले आणि भांडण पिढीजात झालं. तेव्हापासून गावाकडे आमच्या घरी लाकडी पार्टिशनलाही 'आडोसा' म्हणतात.

माझ्या वडिलांचं वावर मात्र आजही एकसंध आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ते वाहतो, संत्र्याची बाग सांभाळतो. मी नागपुरात सक्करदऱ्याला राहून नोकरी करतो. माझा हिस्सा मला घरपोच मिळतो. क्रेट भरून संत्री, पोतंभर तूर, आणि न मागितलेला सल्ला, त्याचं वजन अजून कोणी केलेलं नाही. हिस्सा हा शब्दही आम्ही दोघं वापरत नाही. अशा या घरात पार्टिशन पुन्हा आणायचा मान माझा. तोही संगणक दुरुस्त करताना.

ऑफिसात मी संगणकातला जाणकार म्हणून प्रसिद्ध आहे. ही कीर्ती एका प्रिंटरनं दिली. दोन दिवस तो कागद चावत होता, सगळे हरले, आणि मी झाकण उघडून आतून स्टेपलरची पिन काढली. पिन माझ्याच कागदाची होती, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. त्या दिवसापासून कोणाचा माऊस अडकला तरी मला बोलावतात. मी जातो, भुवया आक्रसतो, 'हं' म्हणतो आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू करतो. बऱ्याचदा तेवढंच पुरतं. वैद्यकातही असंच असावं असा मला संशय आहे.

घरचा संगणक म्हातारा झाला होता. बटण दाबून मी अंघोळीला जात असे आणि अंघोळ करून आलो की तो नुकताच डोळे चोळत असे. ऑफिसातल्या माझ्या मित्रानं उपाय सांगितला. "जुन्या सिस्टिमच्या बाजूले एक हलकी सिस्टिम टाक ना, भाऊ. पेनड्राइव्हवरून होते. काहीच नाई लागत."

काहीच लागत नाही म्हटल्यावर मी तयार झालो. रविवारी जेवणं झाल्यावर बायकोला समोर खुर्चीत बसवलं, कारण प्रेक्षक नसले की माझा हात चालत नाही. बायको धरमपेठेत वाढलेली. शाळेत गणित शिकवते, आणि प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांबद्दल तिची मतं फार कडक आहेत. पेनड्राइव्ह घातला. यंत्र प्रश्न विचारत गेलं आणि मी मंगलाष्टकांत अक्षता टाकाव्यात तसा होकार टाकत गेलो. एका ठिकाणी त्यानं विचारलं, नवीन पार्टिशन टेबल तयार करायचं का? खाली लाल अक्षरांत आणखी बरंच काही होतं.

"ते लाल काय आहे हो?" बायकोनं विचारलं.

"असतं तसं. शोभेला."

आणि नवीन टेबल म्हटल्यावर कोणाला नको असतं? मी बोट उंच उचललं, जरासं थांबलो, आणि एंटर दाबलं.

पडद्यावर तोवर दोन रंगीत पट्टे होते. एक सी ड्राइव्हचा, एक डी ड्राइव्हचा. ते पुसले गेले आणि त्या जागी एकच लांबलचक राखाडी पट्टा आला. त्यावर लिहिलेल्याचा अर्थ होता, इथं काही नाही.

बायको वाकून पाहत म्हणाली, "अहो, आपलं लग्न कुठं आहे?"

हा प्रश्न विनोदी वाटेल, पण आमचं लग्न खरोखर त्याच संगणकात होतं. मूळ व्हिडिओ कॅसेट. तिला बुरशी लागायच्या आत महाल भागातल्या एका दुकानातून तिच्या दोन सीडी करून आणल्या होत्या. सीडीवरून लग्न संगणकात घेतलं. मग सीडींचं काय काम, म्हणून मी त्या दोऱ्यानं गॅलरीत टांगल्या, कबुतरं पळवायला. कबुतरं पळाली नाहीत. त्यांना आमच्या लग्नाची सवय झाली. सीडी मात्र उन्हापावसानं चाळणी झाल्या.

"पण बॅकअप आहे ना?" बायको म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होता, मी बॅकअप घेतलाय म्हणून."

"आहे ना! घेतला म्हणजे घेतलाच आहे."

"कुठं?"

"डी ड्राइव्हवर."

"आणि डी ड्राइव्ह कुठं आहे?"

मी राखाडी पट्ट्याकडे बोट दाखवलं. एकाच बैलगाडीत दोन पोती ठेवून, एक हरवलं तर दुसरं आहे, असं म्हणणारा शेतकरी विदर्भात तरी झाला नसेल. शेतकऱ्याचा भाऊ झाला.

आमचं लग्न गेलं असतं तर आम्ही दोघांनी ते सोसलं असतं. त्यात माझी मिशी आहे, आणि गुलाबाच्या फुलातून गोल फिरत बाहेर येणारा माझा चेहरा आहे. बायको म्हणते, तिनं तो आधी पाहिला असता तर विचार केला असता. पण त्या लग्नात वहिनी होती.

वहिनी दादाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. मला घासूनपुसून, दटावून, डबे देऊन तिनं शाळेत आणि मग शहरात धाडलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. जुन्या चालीची होती, दादाला नावानं कधी हाक मारली नाही. "अजी" म्हणायची, नाहीतर नुसती भांडी वाजवायची, दादा बरोबर ओळखायचा. आमच्या लग्नाच्या पंगतीत मात्र बायकांनी तिला घेरलं आणि उखाणा घ्यायला लावला. उखाण्यात नाव घ्यावंच लागतं. कॅमेरावाला तेव्हा जिलेबीचं ताट टिपत होता, आरडाओरडा ऐकून त्यानं कॅमेरा वळवला. दादाचं नाव वहिनीच्या तोंडून आलेलं सगळ्या जगात तेवढंच, एवढंसं, संगणकात साठवलेलं होतं.

संत्री घेऊन मंडीत आला की दादा परत जाताना आमच्याकडे येतो. चहा घेतो. पावसाबद्दल बोलतो. मग भिंतीकडे पाहत म्हणतो, "लाव गा ते." काय ते कधी म्हणत नाही. मी लावतो. तो ऐकतो, उठतो आणि जातो. तेवढा तुकडा कापून तुझ्या मोबाइलवर पाठवतो, असं मी त्याला तीन वर्षं सांगत होतो. आणि मंगळवारी तो येणार होता.

ऑफिसच्या मित्राला फोन लावला, लागला नाही. मग त्याला बोलून निरोप पाठवावा म्हणून मोबाइलवर बोट दाबून धरलं आणि घाईघाईनं बोललो. माझा निरोप शब्दशः असा होता: "अबे, मोठी गडबड झाली. पार्टिशन उडालं. आता नव्यानं पार्टिशन करावं लागते असं वाटून राहिलं. कसं करायचं सांग. पण एक लक्षात ठेव, दादाले यातलं काही समजू देऊ नको. तो मंगळवारी येऊन राहिला, त्याच्या आत सगळं उरकून टाकू."

बोट उचललं. निरोप गेला. कोणाकडे गेला, ते मी पाहिलं नाही. न पाहता दाबण्यात त्या दिवशी माझा हात चांगलाच बसला होता. यादीत सगळ्यात वर मित्र नव्हता. सकाळीच संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फुलांचा फोटो पाठवणारा माणूस सगळ्यात वर होता. म्हणजे दादा.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

"काय गा, कोणतं पार्टिशन?"

गणेशोत्सवातल्या नाटकांतून मी कामं केली आहेत. वाक्य विसरलं तर दुसरं टाकायचं, गप्प राहायचं नाही. समोर हॉलमधलं प्लायचं पार्टिशन दिसत होतं. त्याच्या अलीकडे टीव्ही, पलीकडे संगणकाचा कोपरा.

"हॉलमधलं, दादा. प्लायचं नाई का ते. त्याले वाळवी लागली."

"वाळवी."

"पार पोकळ झालं. नवीनच करावं लागते."

"मंग मले काहून नाई समजू द्यायचं?"

"तुले उगाच काळजी."

"वाळवीची?"

"वाळवीची," मी म्हणालो. माझ्याच कानाला ते वाईट वाटलं.

पलीकडे मोटारपंपाचा आवाज येत राहिला. मग दादा म्हणाला, "बरं. येतो मंगळवारी," आणि फोन ठेवला. मी बायकोला सांगितलं, संकट टळलं. ती म्हणाली, "तुमचे दादा लाकूड ओळखतात की नाही?" मी ते बोलणं मनावर घेतलं नाही.

रात्री मित्र भेटला. म्हणजे फोनवर. त्यानं आधी मनसोक्त हसून घेतलं आणि मग धीर दिला. डिस्क म्हणजे एक सलग वावर. कोणता तुकडा कुठून सुरू आणि कुठं संपतो, हे वावराच्या अगदी सुरुवातीला एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं, तेच पार्टिशन टेबल. मी ते लिहिलेलं पुसलं होतं. तुकडे जागेवर होते, पीकही उभं होतं, पण संगणकाला सगळं पडीत दिसत होतं. "फक्त त्याच्यावर काही लिहू नको," मित्र म्हणाला. "फॉरमॅट करू का म्हणून विचारलं, त नाई म्हणजो. धुरे शोधून देणारं एक साधन त्याच पेनड्राइव्हमध्ये हाय."

मंगळवारी मी रजा टाकली. बायकोच्या शाळेला सुट्टी होती. दादा नेहमी मंडीतलं काम आटोपून दुपारनंतर येतो, तोवर धुरे सापडतील असा माझा बेत. सकाळीच पार्टिशनच्या मागे बसलो, पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं आणि ते शोधणारं साधन सोडलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं हळूहळू पुढं सरकू लागली. मी मित्राला फोन लावून स्पीकरवर टाकला, म्हणजे हात मोकळे राहतील. मोकळ्या हातांनी मी काय काय करू शकतो हे सिद्ध झालेलं असूनही.

दादा त्या दिवशी मंडीत गेलाच नाही. थेट आला. दार बायकोनं उघडलं. त्यानं तोंडावर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण केली, चपला काढल्या आणि पार्टिशनसमोर उभा राहिला. हे मला बायकोनं नंतर अभिनयासह करून दाखवलं. त्यानं खिशातून चाकू काढला, प्लायच्या खालच्या कडेला टोचून पाहिला. वाकून भुसा आहे का ते पाहिलं. तेवढ्यात आतून माझा आवाज आला.

"जमीन जागेवरच हाय रे," मी मित्राला सांगत होतो. "नुसत्या हद्दी पुसल्या. कोणता हिस्सा कुठून कुठपर्यंत, तेवढं काढून राहिलो."

"नीट पाहजो," स्पीकर म्हणाला. "जुन्या हद्दी बी दिसतीन. चुकीची धरली त सगळं उलटंसुलटं होईन. अन एकदा लिहिलं का मंग वापस फिरता नाई येत."

"दादा यायच्या आत लिहून टाकतो."

पलीकडून प्लायवर टक टक टक असं वाजलं.

"लई मजबूत वाळवी हाय गा," दादाचा आवाज आला. "लागलेलं लाकूड असं नाई वाजत."

मित्रानं फोन ठेवून दिला. मित्र कसा असावा याचं ते उत्तम उदाहरण.

धीर गोळा करून मी बाहेर आलो, तोवर बायकोनं चहा दिला होता. दादा सोफ्याच्या कडेला बसला होता. चहा समोर, हात गुडघ्यांवर. कोणी आजारी असलं की तो असा बसतो.

"दादा, त्याचं असं झालं..."

"बस," तो म्हणाला. "म्या दोन दिवस ऐकला तो तुहा निरोप. चार वेळा ऐकला. आता तू बस अन माहं ऐक. तुले वाटणी पाहिजे त तसं सांगायचं. मी का काका लोकाईसारखा कोर्टात जाणार हाव? विहिरीजवळचा वरचा तुकडा तू घे. चांगली माती हाय. खालचा मले राहू दे, तिथं तिनं लावलेली झाडं हायेत. नकाशे-फिकाशे असे लपून काढू नको फक्त. लोक हासतीन."

मी तोंड उघडलं. त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"मले दुसरं काही नको," दादा म्हणाला. त्यानं शर्टच्या खिशातून एक नवंकोरं पाकीट काढून टीपॉयवर ठेवलं. आत पेनड्राइव्ह होता. "हे येताना घेतलं. दुकानदार म्हने याच्यात लग्न मावते. ते तेवढं याच्यात टाकून दे. मंग मले इकडं यायचं काम नाई पडणार."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत असूनही न सांगणाऱ्या मुलाकडे ती असं पाहत असावी.

"दादा," मी म्हणालो, "वाटणी नाई पाहिजे मले. कोणी मागितली वाटणी? ते पार्टिशन कॉम्प्युटरचं हाय."

"आत्ता कॉम्प्युटरचं झालं? रविवारी हॉलचं होतं."

"रविवारी खोटं बोललो."

"अन आता?"

"आता खरं बोलून राहिलो. कॉम्प्युटरमध्ये बी पार्टिशन असते. ते म्या पुसलं. अन त्याच्यात लग्न होतं."

"त्यांनी पुसलं, दादा," बायको म्हणाली. "मी समोर बसले होते. लाल अक्षरांत लिहून आलं होतं."

दादानं समोरचा चहा बाजूला सरकवला. तो एकेक गोष्ट हाताळून बाजूला ठेवत असावा.

"म्हणजे वावराचं काही नाई."

"नाई."

"अन तिचं गेलं."

"गेलं असं नाई. शोधून राहिलो. सापडन. बहुतेक."

"दोन रात्री म्या वरचा तुकडा कोणाले अन खालचा कोणाले, त्याच्यातच होतो," तो म्हणाला. "हे त ध्यानातच नाई आलं माह्या."

वावर वाचल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मला दिसला नाही. चहावर साय धरली होती. मी एवढा बडबड्या माणूस, पण तेव्हा मला खरंच वाटलं, दादानं मला चपलेनं मारावं. त्यानं मारलं नाही. उठून पार्टिशनच्या मागे गेला आणि संगणकासमोर उभा राहून म्हणाला, "कुठी हाय?"

पडद्यावर शोध संपला होता. तीन ओळी दिसत होत्या. म्हणजे साधनाला तीन तुकडे सापडले होते. मी खुर्चीत बसलो, बाह्या सरसावल्या. मागे दादा, बाजूला बायको. नाट्यगृह भरलेलं पाहून अंगात आपोआप येतं.

"हा सगळ्यात मोठा! हाच आपला!" असं म्हणत मी बोट उचललं.

बायकोनं माझं मनगट हवेतच पकडलं.

"लेका," दादा मागून म्हणाला, "काका बी असंच म्हनत होते."

"आधी वाचायचं," बायको म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचू लागली. पहिला तुकडा इथं सुरू, इथं संपतो. दुसरा त्याच्यापुढं सुरू. तिसरा मात्र पहिल्याच्या पोटातून सुरू होऊन दुसऱ्याच्या पोटात संपत होता. "हे तिन्ही एका वेळी खरे असूच शकत नाहीत. हा तिसरा कुठून आला?"

मला आठवलं. संगणक नवा असताना डिस्कचे तुकडे मीच वेगळ्या मापानं पाडले होते, मग मन बदललं आणि पुन्हा पाडले. जुन्या धुऱ्याची खूण आत कुठंतरी राहून गेली होती. आणि सगळ्यात मोठा, माझा आवडता, तोच तो जुना. मी त्याच्यावर शिक्कामोर्तब केलं असतं तर साधनानं माझ्याच मूर्खपणाची मागची आवृत्ती कायम केली असती.

"लिहायचं काहीच नाही," बायको म्हणाली. "आत काय आहे ते नुसतं बघता येतं, इथं लिहिलंय. ते बघा."

मोठ्याच्या आत पाहिलं तर काही वाचता येईना. पहिल्याच्या आत सिस्टिमचं सामान. दुसरा तुकडा उघडला आणि फोल्डरांची नावं पडद्यावर आली. ती नावं मी ठेवलेली होती. 'नवीन फोल्डर'. 'नवीन फोल्डर दोन'. 'फायनल'. 'फायनल खरंच'. 'महत्त्वाचे'. 'खूप महत्त्वाचे'. 'बघू नंतर'.

"हा आपला," बायको म्हणाली. "शंकाच नाही."

"याच्यात लग्न कुठी हाय?" दादानं विचारलं.

मी घसा साफ केला. "विजेची बिलं जुनी."

"ते नंतर भर. लग्न कुठी हाय?"

"त्याच नावाच्या फोल्डरात. लग्न असं नाव ठेवलं असतं तर कोणीही उघडलं असतं, चुकून पुसलं असतं. विजेची जुनी बिलं कोणी उघडत नाही."

"माझं लग्न विजेच्या बिलांत?" बायको म्हणाली. "आणि चुकून पुसणारं या घरात दुसरं कोण आहे?"

फाइल होती. नाव होतं, आकार होता. आता ती डिस्कवर काही न लिहिता बाहेर काढायची, म्हणजे दुसऱ्या कशावर तरी उतरवायला हवी होती. मी घरात पेनड्राइव्ह शोधायला उठलो. माझा एकुलता एक तर यंत्रात होता, त्याच्यावरच तर यंत्र चाललं होतं. कपाट उघडलं, टीव्हीखालचा खण उघडला, तोवर दादानं टीपॉयवरचं पाकीट आणलं, वाळवीसाठी आणलेल्या चाकूनं फोडलं आणि पुढं केलं.

"हे घे," तो म्हणाला. "घेतलंच हाय त."

लग्न उतरायला वेळ लागला. बायकोनं दुसरा चहा केला, दादानं तो बशीत ओतून प्यायला, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मग लावलं. गुलाबातून माझा चेहरा फिरत आला. दादा म्हणाला, "हे पुढं घे." सगळेच असं म्हणतात. पंगत आली, जिलेबीचं ताट आलं, आरडाओरडा ऐकू आला, आणि कॅमेरा धडपडत वळला. वहिनी नऊवारीत, हातात वाढायचं भांडं, आणि चार बायका तिला सोडायला तयार नाहीत. तिनं माझ्याकडे बोट केलं. मी तिथं बावळटासारखा हार घालून बसलो होतो. आणि ती ठसक्यात म्हणाली:

"संत्र्याले आला आंबिया बहार,
दीर शिकला शहरात, अक्कल अजून उधार..."

पुढची ओळ दादाच्या नावाची. ती मी लिहीत नाही. नाव घेतल्याबरोबर वहिनीनं पदर तोंडाला लावला, भांडं दुसरीच्या हातात कोंबलं आणि कॅमेऱ्याच्या बाहेर पळाली.

"अक्कल उधार," बायको पुटपुटली. "किती वर्षांपूर्वी कळलं होतं त्यांना."

दादा हसला. मग म्हणाला, "अजून एक बार लाव गा." मी लावलं. त्या दिवशी त्यानं ते तीनदा ऐकलं, आणि एकदाही भिंतीकडे पाहिलं नाही.

नंतर बायकोनं दोन खरे धुरे निवडले, प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली आणि मग स्वतः एंटर दाबलं. मला टेबलापासून दोन हात लांब उभं केलं होतं. संगणक सुरू झाला. पूर्वीसारखाच, अंघोळीपुरता वेळ घेऊन.

मी तिथल्या तिथं तो तुकडा कापला. तीन वर्षं ज्याला मुहूर्त मिळत नव्हता ते काम चहाचा कप गार व्हायच्या आत झालं. "पाठवू मोबाइलवर?" मी दादाला विचारलं.

तो चपला घालत होता. "नको," तो म्हणाला. "मोबाइलवर नको. तिथं ती कधीबी बोलन. इथं आलो का बोलते, तेच बरं हाय."

"अन पेनड्राइव्ह?"

"माह्या घरी कशात लावू? मोटारपंपात? राहू दे इथीच." बायकोकडे वळून म्हणाला, "बाई, तुमच्यापाशी ठेवा. याच्याजवळ नका देऊ."

जाता जाता त्यानं प्लायच्या पार्टिशनवर पुन्हा एकदा टकटक केली आणि मान हलवत जिना उतरला.

पुढच्या खेपेला दादा स्वतः आला नाही, बागेत बहाराची कामं होती. गाडीवाल्याच्या हाती संत्र्यांचा क्रेट पाठवला. संत्र्यांच्या मधोमध वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा होता. वाळवीच्या औषधाचा. मागोमाग मोबाइलवर दादाचा निरोप आला, बोललेला. मागे पंप चालू, आणि वाऱ्यात दादाचा आवाज:

"डबा भेटला का? खालून-वरून नीट लावजो. अन पार्टिशन सांभाळजो."

मी तो निरोप बायकोला ऐकवायला गेलो, तर तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "तुम्ही काही दाबू नका."